बिनचुलीचं खाणं

झाशी,
रविवार, १२ जानेवारी १९५८

मावशी,

नमस्कार शेवटी घालते, आधी पोटात मावत नाही ते सांगून टाकते. सव्वा वर्ष झालं, तू मला एक ओळ लिहिली नाहीस. ती का, हे मला काल कळलं! कळल्यापासून हसूही येतंय आणि कपाळावर हात मारून घ्यावासाही वाटतोय.

झालं असं, की आमच्या कॉलेजात संस्कृत शिकवायला कमळाताई म्हणून नव्या आल्या आहेत. नागपूरच्या. मी मराठी आहे हे कळल्यावर म्हणाल्या, ये गं घरी, माझं तोंड आंबलंय हिंदी बोलून. गेले. बोलता बोलता मी मोठ्या ऐटीत म्हटलं, "मला तर शिक्षा माझ्या मावशीमुळे मिळाली." त्यांचा कप हातातच राहिला. म्हणाल्या, "अगं बाई, काय केलं होतंस तू?" मी म्हटलं, "काही नाही. मॅट्रिक." मग त्या ज्या हसत सुटल्या! पदराने डोळे पुसून त्यांनी समजावलं, की शिकण्याला मराठीत शिक्षण म्हणायचं. शिक्षा म्हणजे सजा.

मला काय ठाऊक? गरौठ्याच्या आमच्या घरात मराठी म्हणजे भात वाढ, दार लाव, देवापुढे दिवा लाव, एवढीच. आई होती तोवर थोडी जास्त. बाबा तर रागावतातसुद्धा हिंदीतच.

आता आठव, गेल्याच्या गेल्या दिवाळीला मी तुला काय लिहिलं होतं. मला तोंडपाठ आहे, कारण चारदा कच्चं लिहून पाचव्यांदा पक्कं केलं होतं. "मावशी, तू मला जी शिक्षा दिलीस ती मी जन्मात विसरणार नाही. मी सगळ्यांना सांगते, ही शिक्षा मावशीमुळेच."

अरे देवा! मिरजेला ओसरीवर बसून तू हे वाचलं असशील. वर्षभर ज्या पोरीसाठी राबलीस, ती म्हणते तू मला सजा दिलीस, आणि वर सगळ्यांना सांगत सुटली आहे. मी तुझ्या जागी असते तर पत्र चुलीत घातलं असतं. तेव्हा मावशी, मला त्यात काय म्हणायचं होतं ते आज नीट मराठीत लिहिते. कमळाताईंकडून तपासूनही घेणार होते, पण नको, हे आपलं दोघींचं आहे.

आई गेली आणि तू मिरजेहून दोन दिवसांचा गाडीप्रवास करून एकटी आलीस. त्यात मी टायफॉइडने आडवी. उठले तेव्हा जिना चढले की पायरीवर बसायची वेळ यायची. डॉक्टरांनी सांगितलं, हिला दर तीन तासांनी पोटात काहीतरी सकस गेलं पाहिजे, एकदम जड नको, थोडं थोडं. बाबांना तेवढंच हवं होतं. म्हणाले, छात्रावासात सकाळी दहाला जेवण, संध्याकाळी सातला जेवण, मध्ये कोण विचारतंय? खोलीत चूल नाही, स्टोव्ह नाही, सगळ्याला बंदी. तेव्हा लडकी घरीच बरी; बिनविस्तवाची सोय दाखवा, मग खुशाल पाठवीन. घरी म्हणजे पुढे काय, ते तुलाही माहीत होतं आणि मलाही. कालपीचं स्थळ येऊन बसलंच होतं.

 मग एका रविवारी तू चूलच पेटवली नाहीस. सकाळी बाबांपुढे मोड आलेले मूग, लिंबू पिळून. मग ताकात कालवलेलं सातूचं पीठ, जिरं-मीठ घालून. दुपारी दडपे पोहे. मग ज्वारीच्या लाह्या आणि दही. मध्येच शेंगदाणे-तीळ-गुळाचा लाडू. संध्याकाळी बाबा ढेकर देऊन म्हणाले, "आज स्वयंपाकाला उशीर दिसतो." आणि तू म्हणालीस, "भावोजी, आज दिवसभर घरात विस्तव नाही. हे सगळं पोरगी खोलीत बसून करू शकेल." बाबांचा चेहरा काय झाला होता! पण शब्दाला जागले. कालपीला नकार कळवला.

मावशी, आज मी दुसऱ्या वर्षाला आहे ती त्या रविवारमुळे. मला हे लिहायचं होतं. एका शब्दाने घात केला.

छात्रावासात सोडायला आलीस त्या दिवशी फाटकाशी मी जरा तुटक वागले असेन. टांगेवाला घाई करत होता, सामान उतरवायचं होतं. ते मनावर घेऊ नकोस.

उलट टपाली चार ओळी लिही. आता नमस्कार.

तुझी बकुळ


झाशी,
रविवार, २ फेब्रुवारी १९५८

मावशी,

तीन आठवडे झाले. दरवान टपाल घेऊन आला की मी पायऱ्यांवर उभी. काल तो म्हणाला, "बिटिया, चिट्ठी आएगी तो हम खुद ऊपर लाएँगे, आप पढ़ो जाके." आता त्यालाही माझी कीव येते.

राग गेला नसेल तर राहू दे, पण तू शिकवलेल्याचं काय झालं हे तरी तुला कळायला हवं. आमची खोली म्हणजे दोन खाटा, दोन फळ्या आणि गजांची एक खिडकी. दुसऱ्या खाटेवर जानकी. मऊरानीपूरची आहे, बुंदेली बोलते आणि दिवसभर बोलते. पहिल्या आठवड्यात मी मूग फडक्यात बांधून गजाला टांगले, तर तिला वाटलं मी काही तोडगा करतेय. सकाळी पुरचुंडीतून पांढरी शेपटं बाहेर आलेली बघून ती किंचाळली, "जो का पाल लओ तैंने?" तिला वाटलं मी किडे पाळलेत! मी लिंबू-मीठ लावून मूठभर तिच्या हातावर ठेवले. तेव्हापासून पुरचुंडी दुप्पट मोठी बांधावी लागते.

शब्दांचे घोटाळे माझ्या नशिबातच दिसतात. जानकी घरी निघाली, मला म्हणाली, येताना चिवडा आणते. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. तू करायचीस तो, शेंगदाणे, कढीपत्ता, खोबऱ्याचे काप. तिने आणले पिशवीभर कच्चे पोहे! इकडे त्यालाच चिवडा म्हणतात, हे जन्म इकडे काढून मला माहीत नव्हतं, कारण आमच्या घरात पोहे म्हणजे पोहेच. माझं तोंड एवढंसं झालेलं बघून ती रडवेली झाली. मग म्हटलं, थांब. पोहे चाळले, कांदा-टोमॅटो बारीक चिरून चोळला, लिंबू, मीठ, चिमूटभर साखर, आणि वर ताट दडपून त्यावर इतिहासाची तीन पुस्तकं ठेवली. पुस्तकांचा एवढा उपयोग मला पहिल्यांदाच झाला. दहा मिनिटांत असे मऊ झाले, की शेजारच्या खोलीतल्या तिघी वास घेत आल्या.

आणि लाह्या! तू दतिया गेटच्या भडभुंजाकडे मला घेऊन गेली होतीस, आठवतं? त्याच्याशी सगळं बोटांनी. दोन बोटं म्हणजे दोन शेर, तळहात उलटा म्हणजे करपवू नकोस. तुला हिंदीचा एक शब्द यायचा नाही, पण तो तुला कधी फसवू शकला नाही. मी पहिल्यांदा एकटी गेले तेव्हा चांगला अर्धा तास हिंदी बोलले आणि करपलेल्या लाह्या घेऊन आले. आता मी पण बोटांनीच बोलते.

पकडलेही गेलो, ते सांगायचं राहिलं. तुझा छोटा खलबत्ता मी ट्रंकेत साड्यांखाली ठेवला आहे. शेंगदाणे कुटताना खाली उशी घेते, तरी आवाज जायचा तो गेलाच. वॉर्डन बहनजी वर आल्या. बाई कडक, चष्म्यावरून बघतात. "यहाँ क्या कूटा जा रहा है?" जानकी खाटेखाली. मी उभी, हाताला गूळ. म्हटलं, "बहनजी, आग नहीं है. सूँघ लीजिए." त्यांनी खरंच वाकून वास घेतला. मग एक लाडू उचलला, उभ्यानेच खाल्ला आणि म्हणाल्या, "मूसल इतवार को चलेगा. बाक़ी दिन नहीं." जाताना दुसरा घेऊन गेल्या.

तर आता चार वाजले की आमच्या खोलीत नऊ जणी असतात. कुणी घरून गूळ आणते, कुणी हरभरे. एकीच्या भावाने गरौठ्याकडून पोतंभर शेंगा पाठवल्या. या हिवाळ्यात आमच्या मजल्यावर एकीलाही चक्कर आली नाही, हे बहनजींनी स्वतः मोजून सांगितलं. आणि मी! स्टेशनवरच्या मशीनवर वजन केलं. आले तेव्हा अठ्ठ्याहत्तर पौंड, आता सत्त्याण्णव. साड्यांवरच्या पोलक्यांच्या शिवणी उसवाव्या लागल्या. हे सगळं तुझं देणं आहे. रोज चार वाजता पहिला घास घेताना मी तुझं नाव घेते, मोठ्याने नाही, मनात.

मुली विचारतात, किसने सिखाया? मी म्हणते, घर पे सीखा.

लिही गं.

तुझी बकुळ


झाशी,
रविवार, १६ फेब्रुवारी १९५८

मावशी,

बाबांचं कार्ड आलं. तू होळीसाठी मथुरेला निघाली आहेस, यात्रेकरूंच्या टोळीबरोबर, आणि गुरुवारी, २७ तारखेला दुपारी तुमची गाडी झाशीवरून जाणार. बाबांनी तुला लिहिलं होतं की दोन दिवस उतर, पोरीला भेट. तू त्यांना कळवलंस, "उतरणार नाही." दोनच शब्द. बाबांनी तेच दोन शब्द मला जसेच्या तसे लिहून पाठवले, त्यांना वाटलं असेल तुला घाई आहे.

म्हणजे माझी दोन पत्रं मिळूनही तू उतरणार नाहीस. दोन्ही मिळाली ना? शिक्षेचा खुलासा नीट कळला ना? मी पुन्हा लिहू का?

नाही उतरलीस तरी मी येणार. झाशीला गाडी चांगली थांबते, इंजिन बदलतात, पाणी भरतात. कुठला डबा ते मला माहीत नाही, मी सगळे बघेन. तू फक्त खिडकी वर ठेव. बोलायचं नसेल तर बोलू नकोस. रस्त्यात खायला काहीतरी देईन, ते घे आणि जा. एवढंच मागते. जानकी म्हणते, जी माणसं झाशीवरून जाऊनही उतरत नाहीत त्यांच्यासाठी एवढं काय. तिला मी त्या दिवशी खायला दिलं नाही.

मावशी, एक विचारू? फाटकाशी सामान उतरवताना वॉर्डन बहनजी तुझ्याकडे बघून मला काहीतरी म्हणाल्या होत्या आणि मी काहीतरी उत्तर दिलं होतं. ते हिंदीत होतं. तुला काही ते कळलं नसणार. कळण्यासारखं त्यात काही नव्हतंही. उगाच आपलं आठवलं म्हणून लिहिलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतील लोक, पण तसं काही नाही.

तू माझ्यासाठी केलंस ते आईनेही केलं नसतं, असं मी परवा कमळाताईंना म्हटलं. त्या म्हणाल्या, हे तिला लिही. म्हणून लिहिलं.

गुरुवारी येतेच.

तुझी बकुळ


झाशी,
बुधवार, २६ फेब्रुवारी १९५८

मावशी,

हे पत्र टपालात टाकायचं नाही. खाण्याच्या डब्यात वरच ठेवणार आहे, म्हणजे गाडी सुटल्यावर उघडशील तेव्हा मिळेल.

वरच्या खणात लाडू आहेत. गूळ या खेपेला चिकट निघाला, म्हणून तीळ जास्त घातले. मधल्या खणात लाह्यांचा कोरडा चिवडा, आपला चिवडा, म्हणजे डाळं, शेंगदाणे, खोबरं, मेतकूट लावून. पाण्याचा थेंब नाही, त्यामुळे यात्रेत सोवळ्याओवळ्याची अडचण यायची नाही. खालच्या खणात सातूचं पीठ, गूळ घालून. कुठेही पाणी मिळालं की कालव आणि खा. तुला सोसतं. दही लावलं होतं, तेही द्यायचं होतं, रजईत गुंडाळून ठेवलं होतं, पण जानकी त्याच रजईत झोपली. पुढचं विचारू नकोस.

नऊच्या नऊ जणींनी हात लावला. मीठ बेताचं आहे का ते चाखून बघायला बहनजी स्वतः आल्या. त्यांनी विचारलं, "किसके लिए?" मी म्हटलं, "मेहमान हैं." 

फाटकाशी मी जे म्हणाले ते

या वरच्या ओळीखाली तीन ओळी होत्या. खोडल्या आहेत. उजेडात धरून वाचायचा प्रयत्न करू नकोस, शाई दोनदा फिरवली आहे.

प्रवासात जपून राहा. पाणी उकळलेलंच पी.

तुझी बकुळ


झाशी,
शुक्रवार, २८ फेब्रुवारी १९५८, दुपार

मावशी,

तू जानकीच्या खाटेवर झोपली आहेस, तोंडावर पदर घेऊन, चांगली घोरते आहेस. माझ्या खाटेपासून तुझ्या खाटेपर्यंत तीन पावलं आहेत. आणि मी तुला पत्र लिहितेय. काय करू? कालपासून पाच वेळा तोंड उघडलं आणि पाचही वेळा "चहा हवा का" एवढंच बाहेर आलं.

काल गाडी आली तेव्हा मी इंजिनाकडून सुरुवात केली. डबा छातीशी धरून एकेका खिडकीत डोकावत होते. कुणी हटकलं, कुणी हसलं. अकरा डबे झाले. बाराव्याला हमाल आडवा आला, तर त्याला ढकलून मी पुढे. आणि मागून तुझा आवाज, "अगं धावतेस काय, पडशील!" वळले तर तू फलाटावर उभी, बोचकं काखेत. टोळीला सांगून मोकळी झाली होतीस, की तुम्ही पुढे व्हा, मी रविवारच्या गाडीने येते.

मी म्हटलं, "तू तर उतरणार नव्हतीस." तू म्हणालीस, "नव्हतेच. खिडकीसुद्धा बंद होती. फटीतून बघितलं तर तू पळत होतीस. तीन पायऱ्या चढून बसणारी पोरगी, ती गाडीच्या टोकापासून पळत येतेय. मग बसवेना." आणि माझ्या दंडाला हात लावून बघितलास, बाजारात भोपळा बघावा तसा. मला वाटलं, झालं, मिटलं. टांग्यात मी सारखी बोलत होते आणि तू शहर बघत होतीस. लक्ष्मी गेटाशी तू म्हणालीस, इथे एक कुंभारीण बसायची. मी मनात म्हटलं, मिटलंच.

मग फाटक आलं. बहनजी तिथेच उभ्या. पाहुण्यांचं रजिस्टर असतं ना, नाव, गाव, नातं. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ये कौन हैं, बकुल?"

देवाशपथ सांगते, मी तोंड उघडलं होतं. पण तू माझ्या आधी बोललीस. हिंदीत. स्वच्छ, एकही अक्षर न चुकता. "मैं इनके यहाँ खाना बनाती हूँ. लड़की कैसी है, देखने आई हूँ."

मावशी, तेव्हा धरणी दुभंगली असती तर बरं झालं असतं.

बहनजींना मागचं काही आठवत नव्हतं. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "अच्छा! तो वो लड्डू, वो मूँग, सब आपने सिखाया है?" आणि कधी कुणापुढे वाकल्या नसतील, त्यांनी तुला हात जोडले. म्हणाल्या, आमच्या मजल्यावरच्या मुलींची तब्येत तुम्ही सुधारलीत, उद्या चार वाजता त्यांना भेटल्याशिवाय जायचं नाही. रजिस्टरात नात्याच्या रकान्यात त्यांनी काहीतरी लिहिलं. मी बघितलं नाही. माझी मान वर होत नव्हती.

जिना चढताना मी विचारलं, "तुला हिंदी येते?" तू म्हणालीस, "वर्षभर राहिले ना तुमच्या मुलखात. बोलायची लाज वाटायची, चुकलं तर तुम्ही हसाल म्हणून. कान बहिरे नव्हते माझे."

"मग शिक्षा..."

"अगं ठोंबे, तुझा बाप महिनाभर 'लड़की की शिक्षा, लड़की की शिक्षा' करत माझ्याशी भांडत होता. मला शिक्षा कळणार नाही? तुझं दिवाळीचं पत्र वाचून मी हसले होते."

"मग उत्तर का नाही दिलंस?"

तू माझ्याकडे बघितलंस. रागाने नाही. रागाने बघितलं असतंस तर मला सोपं गेलं असतं. म्हणालीस, "स्वैपाकिणीने मालकिणीच्या मुलीला पत्र लिहायची रीत आहे का तुमच्याकडे? मला ठाऊक नाही म्हणून नाही लिहिलं." आणि खोलीत येऊन गजाला टांगलेली पुरचुंडी हाताने दाबून म्हणालीस, पाणी नीट निथळत नाही हिचं.

तर आता लिहिते. चार पत्रांत जे लिहिलं नाही ते.

दीड वर्षापूर्वी, जुलैत, फाटकाशी टांगा थांबला. तू लाह्यांचं गाठोडं कमरेवर घेऊन उतरलीस. लुगडं वर खोचलेलं, पायात काही नाही, पोटरीपर्यंत चिखल. बाजूला एका मुलीची आई उभी होती, तिच्या पायात उंच टाचेचे सँडल होते आणि हातात पर्स. बहनजींनी मला विचारलं, "ये आपकी माताजी हैं?" आणि मी म्हणाले, "नहीं. हमारे यहाँ खाना बनाती हैं."

कुणी जबरदस्ती केली नव्हती. मौसी म्हणायला त्यापेक्षा कमी शब्द लागले असते. मला लाज वाटली, म्हणून म्हणाले. दुसरं कारण नाही, शोधून थकले, सापडत नाही. तू गाठोडं खाली ठेवलंस, माझ्या डोक्यावरून हात फिरवलास आणि म्हणालीस, "दर तीन तासांनी, विसरू नकोस." म्हणजे ते ऐकल्यानंतर तू हे म्हणालीस! हे मला काल कळलं. मला वाटायचं, तू काही ऐकलंच नाहीस.

आणि शिक्षेचं. मावशी, मिरजेला पोचल्याचं तुझं कार्डसुद्धा आलं नव्हतं. माझं दिवाळीचं पत्र त्यानंतर तीन-साडेतीन महिन्यांनी. म्हणजे त्या शब्दाच्या आधीच तू गप्प झाली होतीस, आणि हे मला ठाऊक होतं. पण कमळाताई हसल्या आणि मला एक चूक सापडली, जी माझी असून माझी नव्हती. तीच धरून बसले. चार-चार पानं उपकार मानले. मूग, लाह्या, वजनाचे पौंड. खाल्ल्या मिठाला जागल्याचं सोंग आणलं, आणि मुलींनी विचारलं किसने सिखाया तर घर पे. तेव्हाही तुझं नाव नाही.

ते उपकार खोटे नाहीत गं. एकही नाही. मी जिवंत आहे, शिकते आहे, धावू शकते, हे तुझ्यामुळे. पण ज्या बाईला स्वैपाकीण म्हटलं तिचे आभार मानून तिला आणखी स्वैपाकीणच केलं मी. मावशी, माझं चुकलं. तू माझी मावशी आहेस. आईच्या पाठची. आई गेल्यावर मला आई होती ती तूच, आणि मी फाटकाशी ते नाकारलं. मला माफ कर.

हे घडी घालून तुझ्या बोचक्यात ठेवणार होते, मथुरेला उघडशील म्हणून.

पण चार वाजले. मुली वाट्या घेऊन आल्या, गलका झाला आणि तू उठून बसलीस. जानकी, बाकीच्या सगळ्या, आणि दारात बहनजी, त्यांच्याही हातात वाटी. तू विचारलंस, काय लिहितेस एवढं? मी म्हटलं, तुलाच. कागद पुढे केला. तू म्हणालीस, "चष्मा टोळीच्या ट्रंकेत गेला, मथुरेला. मोठ्याने वाच."

मी म्हटलं, सगळ्या गेल्यावर वाचते.

तू म्हणालीस, "तेव्हा सगळ्या होत्या ना? मग आत्ताच. आणि या बाईंना मराठी कळत नाही, तेव्हा ते फाटकाचं आणि पुढचं हिंदीत वाच."

म्हणजे कागदावर काय आहे ते तुला न वाचताच कळलंय.

हे शेवटचं कसंबसं लिहितेय.  बहनजींनी वाटी खाली ठेवली आहे. तू खाटेवर सरकून माझ्यासाठी जागा केली आहेस.

उभी राहूनच वाचते.

तुझी बकुळ